हरलेल्या लढाया कशाला वाचायच्या?

आज सकाळी भाचीने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "सुट्टीत वाचायला एखादी चांगली ऐतिहासिक कादंबरी सांगा ना." बारावी संपली आहे, पोरगी आपणहून मराठी पुस्तक मागते आहे, मला केवढा आनंद झाला! नेहमीची नावं आली. 'श्रीमान योगी', 'छावा', 'स्वामी'. मी लिहिलं, 'पानिपत'. लगेच काकांचा मेसेज: "हरलेल्या लढाया कशाला वाचायच्या? पोरांना स्फूर्ती मिळेल असं काही सांग." त्यावर बाकीच्यांचे अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय.

काका, तुम्ही स्वतः सुचवलेली 'स्वामी' कशावर उभी आहे? १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं, काही महिन्यांत नानासाहेब गेले आणि सोळा वर्षांच्या माधवरावाच्या अंगावर पेशवाई आली. डोक्यावर कर्ज, घरात सत्तेसाठी भांडणारे चुलते राघोबादादा, पुढे क्षय. सत्ताविसाव्या वर्षी माणूस संपला. पानिपतचा घाव बाजूला काढला तर त्या पुस्तकात उरतं काय?

माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे वाचता येईना, तेव्हा दुपारची भांडी आवरून झाली की मी तिला 'स्वामी' वाचून दाखवायचे. थेऊरची, म्हणजे माधवरावाच्या शेवटाची, पानं जवळ आली की ती पुस्तकावर हात आडवा ठेवायची. "थांब गं. आज नको नेऊस त्याला तिकडे." शेवट तिला ठाऊक होता. थेऊरला गणपतीला गेली असताना त्याच्यामागे सती गेलेल्या रमाबाईंचं वृंदावनही तिने बघितलेलं होतं. तरी रोज एक दिवस पुढे ढकलायची. माधवरावाने निजामाला कसं नमवलं हे तिने एकदाही पुन्हा वाचायला लावलं नाही.

आणि मग तिनेच विचारलं, "भाऊसाहेबांच्या बायकोचं काय झालं गं पुढे?" म्हणून वाचनालयातून ना. सं. इनामदारांची 'शिकस्त' आणली. पानिपतचे सेनापती सदाशिवरावभाऊ, त्यांच्या बायकोची, पार्वतीबाईंची कादंबरी. नवरा रणात गेला हे मानायलाच तयार नसलेली बाई, आणि भोवती तिला विधवा ठरवायला टपलेलं जग. आजी त्या पुस्तकभर गप्प होती.

हे कुणी सुचवतं का मुलींना? इनामदारांचं नाव निघालं की 'राऊ', संपलं. 'झुंज' कुणी सांगत नाही. इंग्रजांशी लढताना इतर सरदारांनी साथ न दिलेला यशवंतराव होळकर वाचा ना एकदा. 'शहेनशहा' सुचवली तर लोक डोळे वटारतात, औरंगजेबावर कशाला म्हणून. अरे, ज्याने सगळी फौज दख्खनेत आणली, पंचवीस वर्षं इथे काढली आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ इथेच मेला, तो आपल्या इतिहासाचा भाग नाही? आजी एवढंच म्हणाली होती, "इतकी पोरं, अन् शेवटी जवळ कोण?" चौथी शिकलेल्या बाईला जे दिसलं ते शिकल्यासवरल्यांना दिसू नये, याचा संताप येतो.

आणि शिवकाल-पेशवाईच्या बाहेर काही आहे की नाही? हरिभाऊ आपट्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी 'वज्राघात'मध्ये १५६५चं विजयनगर बुडताना दाखवलं. भाषा आज जड जाते, कबूल. पहिली पन्नास पानं नेट लावून वाचावी लागतात. पण मराठी माणसाने तुंगभद्रेकाठच्या राज्यासाठी एवढा जीव टाकावा, हेच केवढं मोठं मन आहे.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, हेही मान्य. कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून तोंडावर फेकणारे मीही पाहिलेत.

काकांवर फार चिडले खरी. आम्हा भावंडांना पहिल्यांदा सिंहगडावर त्यांनीच नेलं, तानाजी कुठे पडला ते दाखवताना त्यांचाच आवाज बसला होता. म्हणून तर जास्त लागलं. काका, तो आवाज जिंकलेल्या गडासाठी बसला नव्हता हो.

भाचीबाई, तू 'पानिपत'च घे. जाड आहे म्हणून घाबरू नकोस. रसद तुटते, छावणीत उपासमार सुरू होते, तिथपासून पुस्तक खाली ठेववणार नाही. मग 'शिकस्त', मग 'झुंज'. 'झुंज' माझ्याकडे आहे, रविवारी येऊन ने. 'शिकस्त'ची माझी प्रत कुणीतरी नेलेली आहे, ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया परत करा, आता तिला द्यायची आहे. आणि पेशवाईच्या बाहेरचं कुणाला काही सुचत असेल तर खाली लिहा, मी तिला यादी करून पाठवते.