लाकडी पट्टी आणि जंगलतोड : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

घराच्या अंतर्गत सजावटीविषयी एक मजकूर सध्या वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : भिंतीच्या तळाचे स्कर्टिंग, दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी किंवा छताच्या कडेचे कॉर्निस यांसाठी लाकूड वापरणे म्हणजे जंगलतोडीला हातभार लावणे होय, त्याऐवजी पीव्हीसी या प्लॅस्टिकची पट्टी लावावी, कारण तिच्यासाठी झाड पाडावे लागत नाही आणि ती आयुष्यभर टिकते, ती नको असेल तर एमडीएफ (दाबून बनवलेला लाकडी फलक) घ्यावे, कारण ते भुशापासून बनते, किंवा बांबू घ्यावा, कारण ते गवत आहे, आणि लाकडाचाच आग्रह असेल तर सागासारखे टणक लाकूड घ्यावे, प्रमाणपत्राच्या शिक्क्यावर मात्र विसंबू नये. या मजकुरामागची कळकळ खरी आहे, परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे आहे आणि त्यातून निघणारा सल्ला काही बाबतींत उलटाच पडतो.

लाकूड म्हणजे जंगलतोड, हे समीकरण प्रथम तपासू. झाड तोडणे आणि जंगल नाहीसे होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. तोडलेल्या जागी पुन्हा झाडे वाढू दिली तर जंगल राहते. तीच जमीन शेतीखाली किंवा चराऊ कुरणाखाली गेली तर ते संपते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार जगातील सुमारे ९० टक्के जंगलतोडीमागे शेतीचा विस्तार हे कारण आहे. आता एका घराचा हिशेब पाहा. १०० मिलिमीटर उंच आणि १५ मिलिमीटर जाड अशी ६० मीटर स्कर्टिंगची पट्टी म्हणजे ०.०९ घनमीटर लाकूड. चिराई आणि रंधाकामात निम्मे गेले असे धरले तरी ३० सेंटिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा एक ओंडका जवळजवळ पुरतो. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. घनमीटरला ५०० किलो या दराने ही पट्टी ४५ किलो भरते आणि तिच्यात साधारण साडेबावीस किलो कार्बन साठलेला असतो. हा साठा अर्थात पट्टी वापरात असेपर्यंतचा आहे. ती जाळली की तो हवेत परत जातो, हे विसरून लाकडाची जाहिरात करणारेही पुष्कळ आहेत.

मात्र या मुद्द्यावर लाकडाची बाजू घेणाऱ्यांनी एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे, आणि ती मजकूर लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावी, नाहीतर त्याने ती नक्की वापरली असती. रामीन नावाचे आग्नेय आशियातील लाकूड फिकट रंगाचे, सरळ रेषांचे आणि एकसारख्या पोताचे असल्यामुळे पट्ट्या, तसबिरींच्या चौकटी आणि गोल दांडे यांसाठी अत्यंत आवडीचे होते. ही झाडे पीट जंगलांत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचा थर साठलेल्या दलदलीत, वाढतात. त्यांची तोड इतकी वाढली की इंडोनेशियाने २००१ मध्ये ही प्रजाती साइट्स या, धोक्यातील वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवली आणि २००४ च्या परिषदेत ती अधिक कडक अशा दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे दिसायला क्षुल्लक अशा सजावटीच्या पट्टीनेही एका वृक्षगणाला खरोखर संकटात टाकण्यास हातभार लावलेला आहे. यावरून कोणत्या जातीचे लाकूड कोठून आले हे विचारले पाहिजे, एवढे सिद्ध होते. लाकूडच नको, हे सिद्ध होत नाही.

पीव्हीसीचा दावा दोन भागांत तपासावा लागतो. तिच्यासाठी झाड पडत नाही, हे खरे. परंतु या प्लॅस्टिकच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते, उरलेला भाग मुख्यतः खनिज तेल किंवा वायूपासून येतो, आणि ज्या व्हिनाइल क्लोराइडपासून ते बनते तो वायू मानवात कर्करोग निर्माण करणारा म्हणून निश्चित झालेला आहे. तयार पट्टी घरात शांत पडून राहते, हे मान्य; आग लागली तर मात्र तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. दुसरा भाग टिकण्याचा. पदार्थ न कुजणे आणि वस्तू उपयोगात राहणे यांत फरक आहे. लाकडी पट्टीला खोक पडली तर ती भरून, घासून, पुन्हा रंगवता येते. पोकळ किंवा फेसाळ प्लॅस्टिकची पट्टी चेपली की बहुधा बदलावीच लागते. शिवाय तापमान २० अंशांनी बदलले तर तीन मीटरची पीव्हीसी पट्टी तीन-चार मिलिमीटरने लांबते किंवा आखडते, आणि कोपऱ्यातले जोड उघडे पडतात. लाकूड ओलाव्याने फुगते ते मुख्यतः रुंदीत. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. हे सगळे सांगूनही, जिथे रोज पाणी उडते अशा न्हाणीघराच्या तळाशी लाकडाचा हट्ट धरू नये, असेच मी म्हणेन. तिथे प्लॅस्टिक किंवा फरशीची पट्टी योग्य आहे.

एमडीएफविषयी मजकुरात जे लिहिले आहे ते वाचून ते कचऱ्यातून फुकट जन्माला येते असे वाटते. प्रत्यक्षात लाकडाच्या चिपा वाफवून, त्यांचे तंतू सुटे करून ते दाबले जातात. या चिपा कधी आरा गिरणीतल्या उरलेल्या तुकड्यांच्या असतात, तर कधी त्यासाठीच तोडलेल्या बारीक लाकडाच्या. तंतू बांधून ठेवण्यासाठी बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ वापरली जाते. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. फलकातून हा वायू किती सुटावा यावर अनेक देशांत मर्यादा आहेत आणि फॉर्मल्डिहाइड न घालता बनवलेले फलकही मिळतात. त्यामुळे एमडीएफ वाईटच, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. कोरड्या खोलीत रंग द्यायच्या पट्टीसाठी ते सपाट, निर्गाठ आणि स्थिर असते. परंतु कापलेल्या कडेतून पाणी शिरले की ते फुगते आणि पुन्हा बसत नाही. उरलेल्या तुकड्यांचा खरा सदुपयोग पाहायचा असेल तर फिंगर जॉइंट पट्टीकडे पाहावे : गाठी काढून टाकलेले पाइनचे आखूड तुकडे दातेरी जोडांनी एकमेकांत बसवून लांब पट्टी केली जाते. जोड दिसतात म्हणून ती पॉलिशसाठी चालत नाही, रंगाखाली मात्र उत्तम.

बांबू गवत आहे, तीन ते पाच वर्षांत कापण्याजोगा होतो, हे बरोबर. पण सरळ पट्टी मिळवण्यासाठी त्याच्या चिरफळ्या गोंदाने एकत्र दाबाव्या लागतात, तेव्हा गोंदाचा प्रश्न इथेही उभा राहतो.

टणक लाकडाचा सल्ला मला सर्वांत हानिकारक वाटतो. ऊन, पाऊस आणि वाळवीला तोंड देण्याची सागाच्या गाभ्याची क्षमता दाराबाहेर मोलाची आहे. छताच्या कॉर्निसला तिचा काय उपयोग? सागावर रंग चढवणे तर शुद्ध उधळपट्टी होय. त्यात लवकर तोडलेल्या कोवळ्या सागात गाभा कमी आणि बाहेरचे फिकट लाकूड जास्त असते, ज्याला तो टिकाऊपणा नसतो. म्हणजे नुसते नाव पाहून घेतलेल्या सागाने टिकण्याचीही हमी मिळत नाही. मोठ्या पानांचे महोगनी २००३ पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून तेही उगम विचारल्याशिवाय घेऊ नये. याउलट रबराच्या झाडाचे लाकूड पाहा. साधारण २५ ते ३० वर्षे चीक देऊन झाल्यावर ही झाडे तशीही तोडली जातात. त्यांचे लाकूड पुरेसे कठीण असून रंधा आणि राउटर (लाकडात खाचा व नक्षी कापणारे यंत्र) यांखाली स्वच्छ कापले जाते. त्याला बुरशी आणि भुंगा चटकन लागतो, म्हणून तोडीनंतर लगेच बोरॉनची प्रक्रिया करून भट्टीत वाळवलेलेच घ्यावे.

शिक्क्यावर विसंबू नये, हे विधान अर्ध्याहून अधिक खरे आहे, परंतु त्यातून शिक्का निरुपयोगी ठरत नाही. लाकूड जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलातून आले हे प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी एफएससी १९९३ मध्ये आणि पीईएफसी १९९९ मध्ये स्थापन झाली. एफएससीच्या तीन खुणांपैकी ‘१०० टक्के’ ही प्रमाणित जंगलातील लाकडाची आणि ‘रिसायकल्ड’ ही पुनर्वापराची असते. ‘मिक्स’ या खुणेत नियंत्रित पण अप्रमाणित जंगलांतले लाकूडही मिसळलेले असू शकते. दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीपेक्षा पावतीवर छापलेला प्रमाणपत्र क्रमांक महत्त्वाचा, कारण तो सार्वजनिक नोंदवहीत ताडून पाहता येतो. लहान शेतकऱ्याच्या बांधावरच्या लाकडाला शिक्का परवडत नाही म्हणून ते वाईट ठरत नाही; तिथे माणूस आणि जागा माहीत असणे हाच पुरावा.

मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे जुने लाकूड. पाडलेल्या घराच्या दारांतून आणि तुळयांतून निघालेले लाकूड वर्षानुवर्षे वाळून स्थिर झालेले असते आणि त्यासाठी नवे काहीच तोडावे लागत नाही. चिरण्यापूर्वी त्यातले खिळे काढावेत, कीड पाहावी, आणि जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून तो कोरडा घासू नये. अशी पट्टी भिंतीला पूर्ण लांबीभर चिकटवण्याऐवजी स्क्रूने बसवली, तर पुढच्या वेळीही ती अखंड उतरवता येते.