नऊ वॉटचा दिवा विझवा आणि निवांत व्हा

विजेचं बिल हातात पडलं की सगळ्यात आधी घरातलं शाळकरी पोर शोधा. बेसिनवरचा दिवा त्यानंच चालू ठेवलेला असणार. "वीज काय फुकट येते का रे?" असं शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारा आणि तो ९ वॉटचा एलईडी दिवा स्वतःच्या हातानं बंद करा. वीजबचतीची सुरुवात अशीच करायची असते आणि शेवटही इथेच. हा दिवा तासभर जळून जेवढी वीज खातो, तेवढी २००० वॉटचा गिझर १६ सेकंदांत खातो, असा भागाकार पोरानं करून दाखवला तर आगाऊपणाबद्दल त्याला आणखी दोन शब्द सुनवा.

वर्षभर एकच पथ्य पाळायचं. जे उजेड देतं त्याच्यावर करडी नजर ठेवायची आणि जे गरम किंवा गार करतं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. अपवाद फक्त देवघरातल्या जुन्या काचेच्या झिरोच्या दिव्याचा. तो १२ ते १५ वॉट घेतो, म्हणजे एलईडीपेक्षा जास्त. पण नावातच झिरो आहे म्हटल्यावर रात्रभर जळू द्यावा.

चैत्र लागला की एसीचा रिमोट थेट १६ वर न्या. खोली लवकर गार होते, असा साऱ्या सोसायटीचा ठाम समज आहे. खरं तर साध्या एसीचा कॉम्प्रेसर १६ ला जेवढ्या जोरानं चालतो तेवढ्याच जोरानं २४ लाही चालतो. २४ ला तो अधूनमधून थांबतो, १६ ला बिचाऱ्याला पहाटेपर्यंत उसंत नसते, एवढाच काय तो फरक. इन्व्हर्टर एसी असेल तर खोली ठरलेल्या तापमानाजवळ आली की तो स्वतःहून वेग उतरवतो. १६ लावलं की त्याच्यावर ती वेळ येत नाही. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर यावेत, असा नियम झाला. ही आपल्या शयनगृहात सरकारची ढवळाढवळ समजा. एकेक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. सांगू दे. तुम्ही १६ लावा आणि वर दुलई घ्या, वैशाखात दुलई बाहेर काढायला एरवी निमित्त तरी कुठलं मिळतं?

एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवायची असते. पुढचं झाकण वर उचललं की ती हाताशी येते, स्क्रू काढावा लागत नाही. नळाखाली धरायची, सावलीत वाळवायची, परत सरकवायची, दहा मिनिटांचं काम. इतकं सोपं काम हातून होत नसतंच, तेव्हा जाळीवर धुळीची गोधडी जमू द्या. मग आतून हवा कमी जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि एके रात्री भिंतीवरून पाणी टपकायला लागतं. त्या क्षणी "गॅस गेला" असं निदान स्वतःच करून मेकॅनिकला फोन लावा. बाल्कनी स्लायडिंगनं बंद करताना एसीचं बाहेरचं युनिट आतच राहिलं असेल तर उत्तमच. त्यानं बाहेर टाकलेली गरम हवा तोच पुन्हा ओढून घेतो.

विदर्भातल्या मंडळींनी कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या घट्ट लावाव्यात. कोरड्या उन्हाळ्यात दीडदोनशे वॉटमध्ये घर गार करणारं हे यंत्र बाहेरची कोरडी हवा ओढतं आणि तेवढीच हवा समोरच्या खिडकीतून बाहेर जाऊ देण्याची अपेक्षा धरतं. खिडकी बंद केली की दोन तासांत खोलीची न्हाणी होते, अंग चिकचिकतं आणि "कूलरमध्ये काही राम नाही, एसीच घेऊ" हा निर्णय घरात एकमतानं होतो. मुंबई-कोकणात मात्र खिडकी उघडी ठेवूनही उपयोग नाही, कारण तिथली हवा आधीच ओली. तिथे कूलर अवश्य घ्यावा.

पंख्याबद्दल फार बोलायला नको. जुना पंखा ७५ वॉट, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास आणि वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटांच्या वर फरक पडतो. पण अडीच-तीन हजार पंख्यात कोण घालतं? तेवढ्यात भिंतीवर लावायचं शोभेचं घड्याळ येतं. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो जपा. पंखा एकवर ठेवला की वाचलेली वीज तो स्वतःच गरम होण्यात संपवतो. हात लावून बघा.

फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवा, वर क्रोशाचा रुमाल, बाजूला बिगबझारी पिशव्यांचा गठ्ठा. आतला आकडा कायम ७ वर. तो आकडा अंशांचा नसून गारव्याच्या जोराचा असतो आणि पावसाळ्यात, थंडीत खाली आणायचा असतो, ही गोष्ट माहितीपुस्तिकेत आहे. ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून आजवर बाहेर आलेली नाही, येऊही नये. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा. ओढल्यावर नोट सुळकन निघाली तर रबर सैल आहे. नोट परत पाकिटात ठेवा आणि विषय संपवा. कोमट साबणपाण्यानं रबराच्या खाचा पुसल्या तर बरेचदा ते पुन्हा नीट बसतं, पण खाचांतला तो काळा थर आता घरचाच झालाय. नवा फ्रिज घेताना लेबलवरचे स्टार मोजा, त्याच लेबलवर छापलेले वर्षाचे युनिट वाचू नका. आणि जुना फ्रिज विकू नका. गॅलरीत ठेवून त्यात फक्त पाण्याच्या बाटल्या गार करा, माठ कसा अगदीच गावंढळ दिसतो.

आषाढ-श्रावणात ओले कपडे मशीनमध्ये पुन्हा एकदा पिळण्याऐवजी घरभर दोऱ्या बांधून पंख्याखाली रात्रभर वाळवा आणि सकाळी अर्धओल्या जीन्सवर हजार वॉटची इस्त्री फिरवा. पिळण्यानं जे पाणी दोन मिनिटांत निघालं असतं त्याची वाफ होताना पाहण्यात वेगळीच मजा आहे. याच दिवसांत तूरडाळ न भिजवता कुकरला लावा, शिट्ट्या मोजत बसा आणि गॅस मोठाच ठेवा. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवरही आतला दाब तसाच राहतो. प्रत्येक पुढची शिट्टी म्हणजे पैसे मोजून केलेली वाफ खिडकीबाहेर सोडणं. पण शेजारणीला कळायला नको का, आपल्याकडे वरण शिजतंय ते?

दिवाळीत झाडणी करताना ट्यूबलाइट पुसून काढा. उजेडाचं खातं ना ते.

खरा सण पौषातला. गिझर पहाटे पाचला लावा आणि शेवटचा माणूस नऊला न्हाऊन निघेपर्यंत बटणाला हात लावू नका. १५ लिटरची टाकी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला फक्त १८-२० मिनिटं आणि सुमारे ०.६ युनिट लागतं. त्यानंतर थर्मोस्टॅट टाकीचा गारवा ओळखून सारखा चालू-बंद होत राहतो. थर्मोस्टॅट ७५ वर ठेवा, म्हणजे पाणी अंगाला लावण्याजोगं राहत नाही आणि निम्मी बादली गार पाण्यानं भरावी लागते. ते ५० अंशांवर ठेवून तेवढंच गार पाणी कमी घालण्यात थरार नाही. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढऱ्या क्षारांचं कवच चढतं आणि कॉइल आतल्या आत जास्त तापून लवकर जळते. टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकी गंजण्यापासून वाचवते आणि दोनेक वर्षांनी पाहावी लागते. तळातून लाल पाणी यायला लागेपर्यंत ती असते हे कळू न देण्याची काळजी घ्या.

गच्चीवर सौर बंब असेल तर त्यातला विजेचा हीटर बारा महिने चालू ठेवा. रात्रीत तो टाकी तापवून ठेवतो आणि सकाळी उगवलेल्या सूर्याला करायला कामच उरत नाही. सूर्य ढगांमागे असेल त्याच संध्याकाळी तो लावायचा असतो, हे मनावर घेऊ नका.

टीव्ही रिमोटनंच बंद करा. सेट-टॉप बॉक्स त्यानंतरही १० वॉटच्या आसपास घेत बसला तर वर्षाला ८७ युनिट. देवाच्या नावानं सोडलेलं समजा.

आता बिलाचा कागद. युनिटांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० वर बदलतात आणि दर चढत जातो. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या वरच्या टप्प्यातून कमी होतं आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही जातं. तुम्ही मात्र एकूण रुपयांना एकूण युनिटांनी भागून "सरासरी इतकीच पडते" म्हणत राहा. मागच्या बारा महिन्यांच्या वापराचा तक्ता बिलावर छापलेला असतो. पौष आणि वैशाखाचे खांब उंच दिसतील. त्यावर चहाचा कप ठेवा.

मीटरवर प्रति युनिट ३२०० असा आकडा असेल तर त्याचा लाल दिवा एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त बेसिनवरचा दिवा लावला तर दोन मिनिटांत एकदाच लुकलुकेल. गिझर लावला तर मिनिटाला शंभराच्या वर. मेन स्विच पाडल्यावरही लुकलुकत राहिला तर मीटर किंवा वायरिंगची तक्रार खरी. हा प्रयोग करू नका, पंधरा मिनिटांत वर्षाचा राग संपेल. त्यापेक्षा मीटर पळतोय असा रीतसर अर्ज लिहा. अर्ज द्यायला निघताना बेसिनवरचा दिवा आठवणीनं बंद करा. गिझरचा लाल ठिपका राहू द्या, तो न्हाणीघराच्या दाराआड असतो, जातायेता दिसत नाही.