हो, महिनाभर खून, हेर आणि जादूगारच वाचले

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जावं.

सकाळी वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले होते. काउंटरवर गठ्ठा ठेवला, तर मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी न विचारता वरचं पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "अजून असलंच वाचता? तुमच्याकडे बघून वाटलं नव्हतं हो." काउंटरवरच्या बाईही हसल्या. मी गप्प. रिक्षात बसल्यावर एकेक उत्तर सुचायला लागलं.

वरचं पुस्तक फेलूदाचं, म्हणजे बंगाली गुप्तहेराच्या गोष्टींचं होतं. अशोक जैनांनी मराठीत आणलेलं. सत्यजित राय यांनी १९६५ पासून घरच्या 'संदेश' मासिकात मुलांसाठी लिहिलेल्या या गोष्टी. सिनेमावाल्या रायबाबूंना दंडवत घालणारी मंडळी त्यांच्याच फेलूदाला 'असलं' म्हणतात, तेव्हा मला खरंच कळत नाही की यांनी नक्की वाचलंय काय.

माझी आत्या मिरजेला सिस्टर होती. नाइट ड्यूटीला निघताना पिशवीत डबा, स्वेटर आणि बाबूराव अर्नाळकर. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, कारण मॅट्रनबाईंना असली पुस्तकं चालायची नाहीत. बाराचा राउंड झाला, सलाइनी बदलल्या, कण्हणारे जरा शांत झाले, की टेबलावरच्या दिव्याखाली अर्नाळकरांचे नायक, काळापहाड नाहीतर झुंजार. जेमतेम पाचसात पानं होतात तोवर कुणीतरी हाक मारायचंच. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या कुणासाठी लिहिल्या? अशाच माणसांसाठी ना, ज्यांना दिवसभर राबून रात्री जागं राहायचं असतं!

मी कॉलेजात असताना आत्याला अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी वाचून दाखवली होती. १९२० सालची, इंग्रजीतून वाचायची आणि मराठीत सांगायची. त्यात एक म्हातारी बाई रात्री स्ट्रिकनीन नावाच्या विषाने मरते. तिचं अंग कमानीसारखं वाकतं, फक्त डोकं आणि टाचा पलंगाला टेकलेल्या, असं वर्णन आहे. आत्या लसूण सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "बरोबर लिहिलंय. धनुर्वाताचा पेशंट अस्साच दिसतो. या बाईने दवाखान्यात काम केलंय गं." मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. पुढे वाचनात आलं की पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती खरोखरच इंग्लंडमधल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलात आधी शुश्रूषेला आणि मग औषधांच्या विभागात होती. विषांची माहिती तिला तिथेच झाली. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्या कादंबरीतल्या अचूकपणाचं कौतुक केलं होतं, आणि आमच्या आत्याने ते लसूण सोलता सोलता ओळखलं. हे वाचन हलकं?

या महिन्यात जॉन ल कारेची १९६३ ची ती बर्लिनच्या भिंतीची कादंबरी पुन्हा वाचली. तो स्वतः ब्रिटिश गुप्तहेर खात्यात काम केलेला माणूस. त्याच्या हेराकडे ना चकचकीत गाडी ना काही. थकलेला, दारू पिणारा, आपल्याच वरिष्ठांनी प्याद्यासारखा सरकवलेला. शेवटची पानं संपली आणि मला जेवण गेलं नाही. देशाच्या नावाखाली माणूस किती स्वस्त होतो, हे इतकं उघडं करून सांगणारं पुस्तक 'गंभीर' नसेल, तर गंभीर म्हणजे नुसतं कंटाळवाणं असं समजायचं का?

आणि टेरी प्रॅचेट! अद्भुत दुनिया, चेटकिणी, ड्रॅगन, सगळं आहे. पण १९९३ च्या एका कादंबरीत व्हाइम्स नावाचा पोलीस अधिकारी बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरला, दहा वर्षं टिकतात. गरिबाला परवडतात दहा डॉलरवाले, ते एकदोन मोसमांतच गळायला लागतात. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर जातात आणि पाय ओलेच. गरिबी महाग का पडते हे मला आजवर एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. हे वाचताना मला आत्याच्या ड्यूटीच्या चपला आठवल्या. दर पावसाळ्यात अंगठा तुटायचा आणि दर पावसाळ्यात ती तसल्याच स्वस्त चपला आणायची.

अर्सुला ल ग्विनच्या अर्थसी या जादूगारांच्या कादंबऱ्यांवर लिहायला लागले तर रात्र होईल. एवढंच सांगते, त्यातला पोरगेला जादूगार गर्वाच्या भरात एक काळी सावली जगात सोडतो आणि शेवटी तिच्यापासून पळायचं थांबून तिच्याच मागे जातो. घरातल्या कॉलेजकुमारांच्या हातात द्या.

कचरा आहे, हो, मान्य. पहिल्याच पानावर बाईचं प्रेत टाकायचं आणि पुढची तीनशे पानं ती कोण होती याची कुणाला फिकीर नाही, असली पुस्तकं निघतात. या महिन्यात एक तसलंच अर्ध्यात सोडलं. पण भिकार सामाजिक कादंबऱ्या काय कमी छापल्या जातात? त्यांच्यामुळे कुणी सगळ्या सामाजिक लेखनाला नाकं मुरडतं का?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ते गृहस्थ वाईट नसतील. त्यांना कुणी लहानपणी असंच हटकलं असेल, हातातलं पुस्तक काढून घेतलं असेल. पण काउंटरवरच्या बाई का हसल्या, हे अजून डाचतंय. उद्या एखादा सातवीतला मुलगा लाजत लाजत दारा बुलंदच्या रहस्यकथा मागायला आला आणि त्याच्या वाट्याला तेच हसू आलं, तर तो परत वाचनालयाची पायरी चढेल का? मोबाइल आहेच त्याच्या खिशात.

आत्याने नोकरी संपेपर्यंत पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली. मी घालणार नाही. पुढच्या वेळी तोच गठ्ठा, मुखपृष्ठ वर करून, त्याच काउंटरवर ठेवणार आहे.

बरं, कामाचं. मूळ मराठीत लिहिलेल्या चांगल्या हेरकथा हव्या आहेत, भाषांतरं नकोत. गुरुनाथ नाईकांची जुनी पुस्तकं कुणाच्या माळ्यावर पडून असतील तर इनबॉक्समध्ये सांगा. न्यायला मी येईन, आणि वाचून परतही करीन.