खोडरबर बाजूला ठेवा हो!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

सकाळी बडोद्याच्या कमाटी बागेत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बाकावर वही घेऊन बसली होती. समोर छोट्या गाडीसाठी रांग, आणि ही त्या रांगेतल्या एका ढेरपोट्या काकांना कागदावर उतरवत होती. पोटाच्याच चार-पाच रेघा. त्यातली खरी कुठली हे तिचं तिला अजून ठरवायचं होतं. शेजारी बाबा. "अगं, काय हे गिचमीड! खोड आधी. एकच काढ, पण नीट काढ." तिने खोडलं. काढलं. परत खोडलं. तोवर काका गाडीत बसून गेलेसुद्धा. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणतात, "ताई, हिची स्वतःची स्टाइल काही येत नाहीये. कुठला क्लास लावू?"

दहा वर्षांच्या पोरीची स्टाइल! अहो, तिला आधी काका तरी पुरते बघू द्या.

त्या चार-पाच रेघा हेच स्केचिंग असतं. पहिली रेघ चुकते, चुकायचीच. ती कागदावर राहिली की दुसरी रेघ तिच्या मापाने पडते, थोडी बाहेर नाहीतर थोडी आत. पहिली खोडली की माप गेलं. मग हात पुन्हा त्याच जागी तीच चूक करतो. वर कागदाचे तंतू उभे राहतात ते वेगळंच. त्यावर शाई लावायला गेलात की निब अडकते आणि रेघेला मिशा फुटतात. पक्क्या चित्रात पेन्सिल पुसायला रबर लागतं, कबूल. पण तेही शाई पूर्ण वाळल्यावर, हलक्या हाताने आणि मऊ. घासलंत तर काळा रंग राखाडी होतो आणि छापताना तिथेच रेघ तुटते.

आता वहीचं. भारीतली वही घेऊ नका. जाड कागदाची महागडी वही हातात आली की माणूस पान खराब होईल म्हणून काढतच नाही. खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी ए-सिक्स, फार तर ए-फाइव्ह. शंभर-सव्वाशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचं, वजनाचं माप) कागद पेन्सिलला आणि बॉलपेनला पुरतो. वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, मारायचा असेल तर मात्र दोनशेच्या आसपास, नाहीतर पान पापडासारखं वळतं. बॉलपेनला नाकं मुरडू नका. खोडता येत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. दाब कमी-जास्त केला की फिकट-गडद दोन्ही मिळतं.

उभा माणूस काढताना सगळे चेहऱ्यापासून सुरू करतात. इथेच घोडं पेंड खातं. डोळे-भुवया होईपर्यंत माणूस चालू लागतो आणि उरलेलं शरीर मनाने काढावं लागतं, मग ते दुकानातल्या पुतळ्यासारखं ताठ होतं. उलट करा. आधी भार कुठे आहे ते बघा. एका पायावर रेलून उभ्या माणसाच्या गळ्याखालचा खळगा साधारण त्याच पायाच्या घोट्याच्या वर येतो. ती एक रेघ. मग खांद्याचा उतार आणि कमरेचा उतार. भाराच्या बाजूची कंबर वर जाते, खांदा खाली येतो. मग पोट, पिशवी, हातातला मोबाइल. चेहरा शेवटी, आणि नाही जमला तरी चालतं. अर्धा-पाऊण मिनिट यासाठी भरपूर झालं.

दुसरी गोष्ट, जी कुठल्याच क्लासात सांगत नाहीत. माणसं तीच ती पोझ परत घेतात. खंडेराव मार्केटला भाजीवाली वजन करताना वाकते, उठते, पैसे घेते, पुन्हा वाकते. म्हणून पानावर तिन्ही आकृत्या अर्धवट सुरू ठेवायच्या. ती वाकली की वाकलेलीवर दोन रेघा, उठली की उठलेलीवर. दहा मिनिटांत तिन्ही होतात. सेव-उसळच्या गाडीवर तर सगळ्यांच्या माना एकाच कोनात, सराव करायला सोन्यासारखी जागा. स्टेशनवर वाट बघणारी माणसं बराच वेळ हलत नाहीत, म्हणून एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीची पोरं तिथे बसलेली दिसतात. त्यांना हसू नका. 1950 साली ती फॅकल्टी सुरू झाली तेव्हा पेंटिंग विभाग उभा करायला आपल्या इंदूरचे ना. श्री. बेंद्रे आले होते. आणि हो, डोकावून "मारुं पण दोरो ने" (माझंही काढा ना) म्हणणारा कुणीतरी भेटतोच. काढा त्याचं, पण तो पोट आत ओढून उभा राहतो, उपयोग शून्य.

रात्री घरी आल्यावर वही न उघडता तोच माणूस आठवणीने काढायचा. फोटो नाही, मोबाइल नाही. पन्नास गोष्टी विसरलेल्या असतात आणि चार आठवतात. ढेरी आठवते, शर्टाचं ताणलेलं तिसरं बटण आठवतं. व्यंगचित्राला तेवढंच लागतं. आणि कुठल्या चार आठवतात ते प्रत्येकाचं वेगळं. ज्याला तुम्ही स्टाइल-स्टाइल म्हणता ना, तिचा उगम तिथे आहे. तिकडे त्या पोरीला तिसरं बटण दिसलं होतं का, मला माहीत नाही. खोडून गेलं.

मग कमी करत जायचं. तीच आकृती ट्रेसिंगवर पुन्हा काढायची, दर वेळी एक रेघ गाळून. शर्टाच्या सगळ्या चुण्या उडवा. कोपर, काख, बटणाचा ताण अशा कापड ओढलं जातं त्या ठिकाणच्या दोन ठेवा. ओळख पटेनाशी झाली की एक पायरी मागे या. शेवटी आकृती सबंध काळी भरून बघा. हात छातीवर येऊन गडप झाला असेल तर पोझ चुकली, हात बाहेर काढा. नुसत्या सावलीवरून माणूस काय करतोय ते कळलं पाहिजे.

आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीचंच घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, मगरी सोसायट्यांत शिरल्या, आणि सगळ्यांनी मगरीवर कार्टूनं टाकली. सगळीच्या सगळी गूगलवरची! पालीला दात लावलेले. अहो, आपल्या मगरीचा जबडा रुंद असतो, तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो. ऊन खाताना ती पोट टेकून, आ वासून पडते, पण चालताना पाय ताठ करून पोट उचलते. हे एकदा पुलावरून बघितलं, काढलं, की मग गाळायला मोकळे. पाण्याची आडवी रेघ, डोळ्यांचे दोन उंचवटे, थोडं पुढे नाकाचा एक. झाली मगर. पण ते दोन उंचवटे आणि नाक यांच्यातलं अंतर बरोबर हवं, आणि ते बघितल्याशिवाय येत नाही. गाळलेलं आणि मुळात माहीतच नसलेलं, दोन्ही कागदावर लगेच ओळखू येतं.

चेहऱ्याच्या अर्कचित्राचंही तेच. नाक लांब केलं की झालं असं समजणाऱ्यांना काय बोलावं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण निम्म्यावर असतात. समोरच्याचे त्याच्या वर आहेत की खाली, आधी एवढंच बघा. वर असतील तर खालचा भाग, म्हणजे जबडा-हनुवटी, हे त्याचं राज्य. ते वाढवा आणि कपाळ तेवढंच कमी करा. दोन्ही वाढवलंत तर नुसतं डोकं मोठं दिसतं, व्यंग उरत नाही.

आणि आता त्या "स्वतःची स्टाइल" प्रकरणावर येते, कारण त्या बाबांचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. आर. के. लक्ष्मण सुरुवातीला वेगवेगळ्या प्रांतांची माणसं गर्दीने काढत. रोजची डेडलाइन, रोज इतकी डोकी काढायची कधी? कमी होत होत चौकटीचा कोट आणि धोतरवाला एकटा 'कॉमन मॅन' उरला. मारिओ मिरांडांचं उलटं. लहानपणी भिंती रंगवायचे म्हणून आईने कोरी वही हातात दिली, मग रोजच्या डायऱ्या चित्रांनी भरल्या. आजूबाजूचं गाव सगळं आत घ्यायची सवय, म्हणून मोठेपणीही कोपरानकोपरा माणसांनी भरलेला. शि. द. फडणीसांनी शब्द काढून टाकले, मग प्रत्येक वस्तू लख्ख ओळखू येणं भाग पडलं. त्यांची स्वच्छ रेघ तिथून येते. परदेशात 'पीनट्स' ही कॉमिक स्ट्रिप काढणारे चार्ल्स शुल्झ. 1950 साली स्नूपी चार पायांवर चालणारं साधं कुत्र्याचं पिल्लू होता, नंतर दोन पायांवर उभा राहिला. त्यांची ती रेघ एस्टरब्रुक कंपनीच्या 914 नंबरच्या निबची. कंपनी बंद होणार कळल्यावर उरलेला साठा त्यांनी विकत घेतला. पुढे हात थरथरायला लागला तर थरथरती रेघ काढली, पण स्ट्रिप काढायला दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

यातल्या कुणी दुकानात जाऊन स्टाइल निवडली होती का? वेळ कमी, जागा कमी, निब अशी, सवय तशी, त्यातून ज्याने त्याने वाट काढली. आता तुम्ही त्यांचे तयार डोळे आणि तयार नाकं उचलता, म्हणजे गणित त्यांचं आणि उत्तर तुमच्या वहीत. जपानी कार्टूनमधले बशीएवढे डोळे तर आता प्रत्येक पोराच्या वहीत. नक्कल करून हात वळतो हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण नक्कल करायची तर रेघ कुठे जाड होते, कुठे उचलली, कुठल्या दिशेने ओढली ते बघा. नुसता साचा उचलून काय मिळणार?

जरा थंड होते. चहा झाला.

शाईचं विचारणारे बरेच आहेत, म्हणून सांगते. नव्या निबवर कारखान्यातलं तेल असतं, त्यामुळे शाई थेंब होऊन घसरते. साबणाने किंवा टूथपेस्टने धुऊन पुसा. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरू नका, त्यात लाख असते, फीड (निबपर्यंत शाई पोचवणारा भाग) कायमचं तुंबतं. टाकाला मात्र तीच हवी, वर रंग मारला तरी पसरत नाही. निब आपल्याकडे ओढायची, वर ढकलली की कागदात रुतते आणि शिंतोडे. वळणावर हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवा. लांब रेघ मनगटातून नाही, खांद्यातून. हळू काढलेली रेघ थरथरतेच, थोडा वेग द्या. जाळीदार छटा करताना पहिला थर वाळू द्या आणि दुसरा काटकोनात न घालता तिरका घाला, काटकोनात घातला की खिडकीची जाळी दिसते.

बडोद्याच्या हवेत दोन भानगडी. मे महिन्यात शाई निबवरच सुकते, दर चार-पाच मिनिटांनी पाण्यात बुडवून पुसायची. आणि पावसाळ्यात कागद दमट होऊन रेघ फुटते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या.

छापायला द्यायचं असेल तर दीडपट-दुप्पट काढा, त्याहून मोठं नको. तीस सेंटिमीटरचं चित्र दहा सेंटिमीटरमध्ये छापलं की 0.3 मिलिमीटरची रेघ 0.1 उरते आणि गायब होते, आणि छटेतली पांढरी फट भरून काळा डाग होतो.

टॅबलेटवाल्यांनो, तुमच्याशी भांडण नाही. सोय आहे, मान्य, कागदाचा खर्चही नाही. पण अन्डू हे खोडरबरापेक्षा वाईट, कारण त्याची खूणसुद्धा राहत नाही. रेघ आपोआप सरळ करणारा स्टॅबिलायझर चढवून ठेवलात तर सगळ्यांची रेघ एकसारखी गुळगुळीत, तुमच्या हाताची ओळख सॉफ्टवेअरने खाल्ली. तो शून्याच्या जवळ आणा. आणि चारशे टक्के झूम करून पापण्या काढू नका, मोबाइलवर त्या कुणाला दिसत नाहीत.

त्या बाबांना मी काय सांगितलं ते विचारू नका. मुलीला मात्र एवढंच सांगितलं की पान फाडायचं नाही आणि कोपऱ्यात तारीख टाकायची. ती हसली, बाबा नाही हसले. असो, बाबा वाईट नाहीत. रविवारी सकाळी पोरीला वही घेऊन बागेत आणणारे किती असतात?

तारखेचं मात्र सगळ्यांनीच करा. वर्षाने जुनी वही काढून नुसते हात बघा, चेहरे नको. चेहऱ्यात आपण फसतो. बोटं अजून केळ्याच्या घडासारखी असतील तर पुढचा महिना फक्त हात: चहाचा कप धरलेले, पिशवी धरलेले, स्कूटरचं हँडल धरलेले. आधी हातमोज्यासारखा एक आकार, मग अंगठा वेगळा, मग तर्जनी, बाकीची तीन एकत्र.

निब आणि शाई गावात कुठे मिळते ते कमेंटमध्ये विचारा, सांगते. क्लासची फी विचारायला मेसेज करू नका, मी क्लास घेत नाही.