सायलेन्सरवरचा पत्रा काढू नका: फिरणाऱ्या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतो आहे. थोडक्यात असा: "सायलेन्सरवरचा पत्रा खडखडत असेल तर काढून फेका, तो नुसता आवाज दाबायला असतो. त्याऐवजी पाइपला हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळा. जवळच्या वायरी-नळ्यांना स्वयंपाकघरातली फॉइल लावा. पावसाळ्याआधी खालून सगळीकडे काळं कोटिंग मारून घ्या. आणि घाट चढून आलात की सायलेन्सरवर पाणी ओता." यातली एकही गोष्ट सांगितली तशी करू नका. दोन-तीन गोष्टींनी तर गाडी पेटू शकते.

"पत्रा आवाजासाठी असतो"

चुलीसमोर बसलं की तोंडाला धग लागते आणि मध्ये ताट धरलं की त्याच क्षणी थांबते. या पत्र्याचं, म्हणजे हीट शिल्डचं, काम एवढंच, पण ते फार मोठं आहे. पेट्रोल गाडी पूर्ण ताकदीनं घाट चढत असते तेव्हा मॅनिफोल्डमधला (इंजिनाला जोडलेल्या, जळका वायू गोळा करणाऱ्या पाइपातला) वायू ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. बाहेरचं लोखंड ६०० अंशांवर पोचलं, तर त्याच्या तळहाताएवढ्या गंजक्या तुकड्यातून अडीचशे वॉटच्या आसपास धग बाहेर पडते. ४०० अंशांच्या मानानं ही जवळजवळ पावणेतीन पट आहे. म्हणूनच सपाट रस्त्यावर वर्षभर टिकलेलं रबर घाटात भाजतं.

त्या धगीच्या समोर काय काय असतं ते बघा. पुढे स्टिअरिंग रॅकचं आणि एक्सलचं बूट (रबरी आवरण), इंजिन माउंटिंग, ऑक्सिजन सेन्सरची (जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायर, एसीचा होज. मागे मधल्या बोगद्यात (फ्लोअरखाली पाइप जातो त्या खाचेत) हँडब्रेकची केबल, बऱ्याच गाड्यांत जवळूनच गेलेली इंधनाची नळी, आणि फ्लोअरच्या पत्र्यावर थेट केबिनचा गालिचा. वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० ते १०५ अंशांपुरतं बनवलेलं असतं. प्लास्टिकच्या आवरणांतलं पॉलिप्रॉपिलिन १६० अंशांच्या आसपास वितळतं.

पत्रा हे सगळं वाचवतो ते चकाकी आणि पोकळी या दोन गोष्टींच्या जोरावर. स्वच्छ, चकचकीत ॲल्युमिनियम आलेल्या धगीतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतं. उरलेली उष्णता पाइप आणि पत्रा यांच्यामधल्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पोकळीतून वाहणारी हवा घेऊन जाते. या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवल्या की बाकीचे सल्ले का चुकीचे आहेत ते आपोआप कळतं.

"खडखडतो म्हणजे काढा"

खडखड बहुतेक वेळा एकाच जागेवरून येते: बोल्टाच्या भोकापासून. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये ओल राहिली की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं. त्यात इंजिनाची थरथर. ६ मिमीचं भोक १२-१५ मिमीचं होतं, बोल्टाचं डोकं आरपार जातं आणि पत्रा मोकळा झुलायला लागतो. पत्रा मात्र धडधाकट असतो.

दुरुस्ती स्वस्त आहे. गाडी दोन-तीन तास थंड होऊ द्या, जॅकवर उचला आणि घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय खाली जाऊ नका. मुठीनं पत्रा ठोकत गेलं की सुटलेली जागा लगेच बोलते. बोल्ट बहुधा ६ मिमीचा, १० नंबरच्या पान्याचा असतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तसाच जोर लावला तर स्टड मॅनिफोल्डमध्येच तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. भोकावर ६ मिमी आतलं आणि २५ ते ३० मिमी बाहेरचं स्टेनलेसचं रुंद वायसर टाका, वर बोल्ट. जोर मनगटाचाच लावा, ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. पान्याला पाइप लावून आवळू नका.

पाइपला मिठी मारून बसणाऱ्या दोन अर्ध्या भागांच्या पत्र्याचे बोल्टाचे कानच गंजून गळाले असतील, तर स्टेनलेसच्या जुबली क्लिपा (स्क्रूनं आवळायच्या गोल पट्ट्या) वापरा. एक पुरत नसेल तर दोन एकमेकींना जोडा. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचाच हवा, नाहीतर पुढच्या वेळी क्लिप कापावी लागते. पत्रा पाइपला चिकटेल इतकी आवळू नका. पोकळी गेली की पत्रा असून नसल्यासारखा. दोन-तीन दिवस गाडी चालवून थंड झाल्यावर एकदा परत आवळा. नायलॉनच्या टायनं बांधलेला पत्रा मात्र पहिल्या घाटातच सुटेल.

पत्रा खरंच चाळण झाला असेल तर नवा किंवा भंगार बाजारातला त्याच मॉडेलचा लावा. मॅनिफोल्ड आणि कॅटजवळ (कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ॲल्युमिनाइज्ड स्टीलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला, किंवा स्टेनलेसचा हवा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, तो पत्रा मागच्या बोगद्यात ठीक.

"हीट रॅप गुंडाळा"

रॅप उष्णता अडवतो, हे खरं. पण ती जाते कुठे? पाइपातच राहते. धातू आणखी तापतो, बिडाच्या मॅनिफोल्डला चिरा पडतात, साध्या स्टीलच्या पाइपाचे पापुद्रे निघतात. शिवाय रॅप म्हणजे काचतंतूंची पट्टी, ती पाणी धरून ठेवते. कोकणातल्या पावसात, खारट हवेत रोज भिजणारी आणि रोज वाफाळणारी पट्टी पाइपाला ज्या वेगानं खाते तो वेग बाहेरून दिसतच नाही. पट्टी सोडली की आत गंजाचा भुगा सापडतो. वरून इंजिन ऑइल गळत असेल तर तीच पट्टी वात होते. रेसच्या गाडीला, स्टेनलेसच्या पाइपाला, वरचेवर तपासणी होणार असेल तिथे रॅपला जागा आहे. रोजच्या गाडीला नाही. कॅटवर आणि ऑक्सिजन सेन्सरवर तर कधीच नाही.

पांघरूण घालायचंच तर तापणाऱ्याला नको, भाजणाऱ्याला घाला. आधी वायर किंवा नळी मूळ क्लिपमध्ये परत बसवा; बऱ्याचदा क्लिप तुटून वायर पाइपाकडे लोंबलेली असते, आणि ती दोन सेंटिमीटरवरून सहावर नेली की प्रश्न संपतो. तेवढ्यानं भागलं नाही तर आत काचतंतू आणि बाहेर ॲल्युमिनियमचा थर असलेली स्लीव्ह घाला. ती वायरीपेक्षा थोडी सैल घ्या आणि दोन्ही टोकं स्टेनलेसच्या तारेनं बांधा.

"स्वयंपाकघरातली फॉइल चालते"

चकाकी आहे, पोकळी नाही. साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीची फॉइल नळीला चिकटली की स्वतः तापून नळीलाही तापवते. थरथरीनं फाटते आणि तिचा तुकडा बॅटरीच्या किंवा स्टार्टरच्या टर्मिनलवर पडला तर शॉर्ट होतो.

"खालून सगळीकडे काळं कोटिंग मारा"

फ्लोअरला, चॅसिसला मारा, जरूर मारा. पण फवारणारा मुलगा घाईत पत्र्यावरही मारून मोकळा होतो, आणि चकचकीत पत्रा काळा झाला की धग परतवायच्या ऐवजी पिऊन घेतो. पाइपावर बसलेलं डांबरी कोटिंग पहिल्या लांब प्रवासात धुरतं, जळका वास केबिनमध्ये येतो. काम सुरू व्हायच्या आधी पूर्ण सायलेन्सर, कॅट, सगळे पत्रे, सेन्सर आणि सायलेन्सर टांगायची रबरं कागद-टेपनं झाकून घ्या. उभे राहून झाकून घ्या. आधीच मारलं गेलं असेल तर गाडी थंड असताना प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, टार रिमूव्हर कापडाला लावून पुसा, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच गाडी सुरू करा.

"घाट चढल्यावर पाणी ओता"

लालबुंद तव्यावर पाणी टाकून बघितलेल्याला हे सांगायला नको. बिडाचं मॅनिफोल्ड तडकतं. कॅटच्या आतली वीट आणि ऑक्सिजन सेन्सरचा गाभा, दोन्ही सिरॅमिकचे. त्यांनाही असा धक्का सोसत नाही. घाटमाथ्यावर शेवटचे एक-दोन किलोमीटर हलक्या पायानं चालवा, टर्बो असेल तर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. बंद केल्यावर हवेचा झोत थांबतो, त्यामुळे बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. डीझेल बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जाळून स्वतःला साफ करत असेल तर मुळीच नको, तेव्हा पाइपातला वायू ६०० अंशांच्या आसपास असतो.

सल्ल्यात एक गोष्ट आलेलीच नाही. पत्रा जागेवर असूनही रबर भाजत असेल तर बहुधा पाइप गरजेपेक्षा जास्त तापतो आहे किंवा वायू गळतो आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर मॅनिफोल्डपाशी टक-टक आवाज आणि सांध्यावर काळी काजळी दिसली, तर गॅस्केट फुटून वायूची फुंकर थेट वायरीवर येते आहे. आणि गाडी थरथरत असताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे: न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतंय. तेव्हा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि आधी प्लग-कॉइल बघून घ्या.