"खरा विद्वान पळत नाही" म्हणे!

ठाण्यातल्या तलावपाळीच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपवर आईला एक फॉरवर्ड आला, वर ठळक अक्षरात 'धोक्यातल्या विद्वानांची नाटकं'. सार एवढंच: सायन्सवाल्यांना कधी कोणी हात लावत नाही, त्रास होतो तो राजकारण करणाऱ्यांना. खरा विद्वान देश सोडून पळत नाही, पळतात ते दुय्यम दर्जाचे. अशांना विद्यापीठांत आसरा देऊन पोसण्यात आपल्या मुलांच्या सीटा जातात. आणि शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते बोलायचं लायसन्स.

एरवी मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण माझी धाकटी बहीण ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर पीएचडी करतेय, मागच्या महिन्यात तिच्या गाइडना एका कारखान्यातून 'हे रिसर्च पेपरमध्ये घालू नका' असा फोन आला, आणि फॉरवर्ड वाचून आई तिलाच म्हणते, "तूच काहीतरी वेडंवाकडं लिहिलं असशील गं, नाहीतर सायन्सवाल्यांना कोण कशाला बोलेल?" डोकंच फिरलं माझं.

सायन्सवाल्यांना हात लावत नाहीत? अहमदरेझा जलाली हे नाव शोधा. भूकंप, स्फोट झाल्यावर हॉस्पिटलं कशी चालवायची हा त्यांचा विषय. २०१६ मध्ये स्वीडनहून इराणला गेले ते आमंत्रणावरून, तिथेच अटक, हेरगिरीचा आरोप, २०१७ मध्ये फाशीची शिक्षा. आणि डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठं बंद केली तेव्हा फिजिक्सवाल्या मुलींना वगळलं होतं का?

आता ते 'दुय्यम दर्जाचे'. हे वाचून मला हसू आलं आणि मग जास्तच राग आला, कारण हे वाक्य आपल्याच देशात आधी बोलून झालंय. एप्रिल १९३३ मध्ये हिटलर सरकारने कायदा करून ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढलं, त्यात गॉटिंगेन विद्यापीठातले फिजिक्सचे प्रोफेसर मॅक्स बॉर्न, म्हणजे नामवंत शास्त्रज्ञ हायझेनबर्ग एकेकाळी ज्यांचा असिस्टंट होता ते. सी. व्ही. रामन यांनी त्यांना १९३५ मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत बोलावलं, कायमचं ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. तर तिथल्या मीटिंगमध्ये एक इंग्रज प्रोफेसर उठून म्हणाला की स्वतःच्या देशातून हाकललेला दुय्यम दर्जाचा परदेशी आपल्याला कशाला? बॉर्न यांनी स्वतः नंतर हे लिहून ठेवलंय. सहाएक महिने राहून ते परत गेले, १९३६ मध्ये एडिनबरोने त्यांना प्रोफेसर केलं, १९५४ मध्ये नोबेल. आपल्या हातातला माणूस आपण घालवला, आणि नव्वद वर्षांनी तेच वाक्य ठाण्यात गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत फिरतंय.

सीटांचं गणित तर मला कळलंच नाही. देश सोडून आलेली ही माणसं शिकवायला, संशोधन करायला येतात, तेही बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांच्या फेलोशिपवर. वर्गात एक सर वाढले तर बाकं कमी होतात का? आणि १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापकांनी अशा लोकांसाठी स्वतःच्या पगारातून पैसे दिले होते.

'वाटेल ते बोलायचं लायसन्स' यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. कॉलेजात आमचे एक सर अख्खा तास स्वतःची मतं ऐकवायचे आणि पोर्शन राहायचा तो राहायचाच. पण उच्च शिक्षणातल्या शिक्षकांबद्दलच्या युनेस्कोच्या १९९७ च्या शिफारशीत स्वातंत्र्यासोबत प्राध्यापकांची कर्तव्यंही लिहिलीयत. चुकीचं लिहिलं तर रिसर्च पेपर लिहून उत्तर द्या, प्राचार्यांकडे जा. जानेवारी २००४ मध्ये एका पुस्तकावरच्या रागातून पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसून जमावाने कपाटं फोडली, हस्तलिखितांची नासधूस केली. ती कपाटं काय वाटेल ते बोलली होती?

बाय द वे, बहीण रविवारी ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला सॅम्पल घ्यायला जातेय. आईला म्हटलंय, फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांनाही विचार येतात का, गमबूट मी देते.