रात्री दोनला फोन कोण उचलणार?

कोल्हापुरातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. राजारामपुरीतल्या एका वहिनींनी लेकीच्या लग्नाआधी डोळ्याखालच्या पिशव्या काढून घ्यायचं ठरवलं. निम्मे म्हणतात, "या वयात कसली थेरं?" बाकीचे म्हणतात, "पैसा तिचा, चेहरा तिचा." बर्मिंगहॅममध्ये बसून मी दोन्हीकडचं वाचतो. ऑपरेशननंतरच्या आठवड्याचं मात्र कुणीच काढत नाही.

पापणीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे जंतुसंसर्ग क्वचितच होतो. पण झाला तर जागा वाईट. पापणीत एक पातळ पडदा असतो. जंतू तो ओलांडून डोळ्याच्या खोबणीत शिरले की डोळा पुढे येतो, फिरवताना दुखतो, एकाचे दोन दिसतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर नजरही जाते. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे कातडीखालचा भाग सडायला लागला तर तो तासातासाला पसरतो. याउलट क्षयाच्या जंतूंचे पाण्यात वाढणारे काही भाऊबंद कित्येक आठवड्यांनी गाठींच्या रूपात उगवतात. त्यांना नेहमीची अँटिबायोटिकं पुरत नाहीत, औषधं महिनोन् महिने चालतात.

इकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. कॉस्मेटिक सर्जरी प्लास्टिक सर्जननेच करावी असा कायदा ब्रिटनमध्येही नाही. स्वस्त पडतं म्हणून तुर्कस्तानला जाऊन बिघडवून आलेल्यांचं शेवटी इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएसच निस्तरते. तरी २०१६ पासून इथल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचा दंडक आहे: ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरनेच पेशंटशी बोलून संमती घ्यायची, विचाराला वेळ द्यायचा, शस्त्रक्रिया बक्षीस म्हणून द्यायची नाही. लग्नसराईतल्या 'ब्रायडल पॅकेज'वाल्यांनी हे जरा वाचावं.

कोल्हापूरची एक बाजू मात्र भक्कम. तिथे डोळ्यांचा डॉक्टर त्याच दिवशी भेटतो, आणि घरात चेहऱ्याकडे बघणारी चार माणसं असतात. पंचाईत अशी की हीच माणसं "सूज आहे, उतरेल" म्हणत गुलाबपाणी घालतात. सूज आणि काळंनिळं होणं नेहमीचंच. पण दुखणं वाढत गेलं, ताप आला किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट बघायची नसते.

म्हणून वहिनींना एवढंच विचारायला सांगितलं: रात्री दोनला डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा? त्यांनी विचारलं. क्लिनिकने रिसेप्शनचा नंबर दिला. रिसेप्शन संध्याकाळी सातला बंद होतं.